सालीचं पिंप

"भावोजी, आता पाणी निळं नाही ना? मग झालं तर!"

"निळं नाही, पिवळं आहे! माझ्या अभ्र्याला कावीळ झालीय, कावीळ!"

भावोजींनी ओला अभ्रा निळीमावशीच्या नाकासमोर धरला. मावशी चटयांना लागणारी तागाची सुतळी रंगवते. रंग एकच, निळा. पंचवीस वर्षं हौदात हात घालून कोपरापर्यंत निळी झाली, म्हणून सगळी गल्ली तिला निळीमावशी म्हणते. नवरा गेल्यावर हा एक हौद तिनं नेटानं धरून ठेवला आणि त्यावर दोन पोरी शिकवल्या.

भावोजी म्हणजे तिच्या ताईचे यजमान. ओढ्याच्या वरच्या अंगाला मावशीचा हौद, खालच्या अंगाला भावोजींची लाँड्री. हौदातलं उरलेलं पाणी ओढ्यात जायचं, ओढ्याचं भावोजींच्या टाकीत. गेल्या महिन्यात हॉटेलच्या चादरी आभाळी रंगाच्या होऊन निघाल्या, आणि मावशीच्या ज्या ओट्यावर भावोजी-मेहुणीच्या गप्पा चालायच्या, त्यावर भावोजींनी पाय ठेवणंच सोडलं.

तोडगा काढला तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकणाऱ्या ताईच्या पोरीनं. मोसंबीची साल, प्रक्रिया केलेली, पाण्यातला रंग ओढून घेते म्हणाली. मावशीनं रसवाल्याकडून दोन पोती साली उचलल्या, तुकडे केले, पिंपात ठासल्या आणि वरून हौदाचं पाणी सोडलं. 'प्रक्रिया' तेवढी कानाआड केली. शिकलेल्या लोकांना प्रत्येक गोष्टीला शेपूट लावायची खोड असते, असं तिचं मत. निळा रंग बराच कमी झाला, पण सालीनं आपलं पिवळेपण, चिकटा आणि आंबूस वास सगळा पाण्यात ओतला.

"शनिवारपर्यंत थांबतो," भावोजी म्हणाले. "त्या दिवशी तुझ्या पिंपाच्या पाण्यात पांढरी चादर बुडवणार. डाग पडला की पालिकेच्या कचेरीत अर्ज. हौदाला सील ठोकलं तर मला बोल लावू नकोस."

"चादर मोठी आणा. रुमालावर भागवू नका!"

तोंडानं म्हणाली खरी, पण मावशीला पक्कं ठाऊक होतं: हौद बंद म्हणजे आपण बंद. संध्याकाळी भाची आली.

"मावशी, साल आधी उकळलीस का?"

"कचरा कोण उकळत बसतं गं?"

"सुतळी टाकतेस का कोरी हौदात?"

 मळ, तेल निघाल्याशिवाय सुतळी रंग धरत नाही, हे मावशी झोपेतही सांगेल. आजवर एक लडी तिनं न उकळता बुडवली नव्हती. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

मग मात्र साल तिला सुतळीच दिसायला लागली. तीन पाण्यांत उकळली, पाणी नितळ निघेपर्यंत. चुन्याच्या निवळीत भिजवली, खळखळून धुतली, उन्हात कडक वाळवली, कांडून भरड केली आणि पिंपाच्या तळाशी कापड घालून ती वर दाबून भरली.

शनिवारी सकाळी भावोजी चादर घेऊन हजर. मागे ताई.

"तू कुणाच्या बाजूनं गं?" मावशीनं विचारलं.

"मी चादरीच्या बाजूनं," ताई म्हणाली.

पिंपाच्या तोटीखाली बादली लावली. पाणी बारीक धारेनं उतरलं. भावोजींनी चादर बुडवली, पिळली, उन्हात धरली, उलटीपालटी केली, वासही घेतला. 

"आहे पांढरी," ते म्हणाले. दाढ उपटल्यासारखं तोंड झालं होतं.

"मग अर्ज?"

"अर्ज राहिला. पण ही तुझी साल टिकणार किती?"

"पोरगी म्हणते, चार दिवस. पोट भरलं की पाण्याला निळी झाक येते. लगेच नवी भरायची, जुनी वाळवून ठेवायची. तिचं काय करायचं ते ती कॉलेजात विचारून सांगणार आहे."

"आणि विसरलीस तर?"

"चादर इथंच ठेवून जा. रोज बुडवून बघते."

"मी दर शनिवारी येऊन बघणार."

"या की. बसायला ओटा आहे." मावशीनं पदर खोचला. "आता सरका बाजूला भावोजी, लड्या उलटायला झाल्यात. एका बाजूनं रंग बसला तर चटईवाला माझ्या नावानं खडे फोडेल."

तिनं काठी उचलली आणि हौदावर वाकली.