शेजारच्या चढाईपटूची कारकीर्द

सासरे महिन्याभरासाठी आयर्लंडला, डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनला आले आणि विमानं बंद झाली म्हणून आमच्याकडेच अडकले. २०२०चा उन्हाळा. नवरा डॉक्टर, तो कायम हॉस्पिटलात. मी घरून ऑफिसचं काम करत होते. बोलायला सासऱ्यांना मी, नाहीतर मागच्या अंगणातल्या बुटक्या भिंतीपलीकडचा अमेरिकन शेजारी.

तो दाराएवढा रुंद. बायको आयरिश, नर्स. तो जिममध्ये ट्रेनर होता, पण जिम बंद, म्हणून अंगणातच व्यायाम करायचा. सासऱ्यांनी कोल्हापूरकडे शाळेत जन्मभर कबड्डी शिकवलेली. त्याच्या मांड्या पाहून ते भिंतीशी गेले.

"ह्यो गडी कायतरी खेळल्याला हाय. इचार त्येला."

मी इंग्रजीत विचारलं आणि तिथेच फसले. तो अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅक होता. चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्या आडदांड गर्दीत घुसायचं, हे त्याचं काम.

"म्हंजे चढाई," सासरे म्हणाले. त्या दिवसापासून ते रोज दुपारी माझ्या खिडकीवर टकटक करू लागले. मी मीटिंग म्यूट करायची आणि चपला शोधत बाहेर जायची.

त्याची कारकीर्द मला अशी तुकड्यातुकड्यांनी कळली. कॉलेजनंतर कुठल्याच संघाने त्याला निवडलं नाही. एकाने उन्हाळ्यापुरतं घेतलं, हंगामाच्या तोंडावर काढलं, मग सरावाच्या संघात ठेवलं. तिथे त्याने पुढच्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्यासारखं पळायचं आणि आपल्याच खेळाडूंनी त्याला पाडायचं.

"नुसता मार खायला ठेवलावता व्हय?" सासरे भडकले. मी हे जरा सभ्य करून सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर ओळखलं त्यांनी."

पुढे मुख्य खेळाडू जखमी झाला म्हणून त्याला खेळवलं. काही सामने बरे गेले. मग गुडघा गेला. तो बरा होईपर्यंत त्याच्या जागी नवा पोरगा आला होता. दुसऱ्या शहरातल्या संघानेही असंच घेतलं आणि काढलं.

"पन चूक काय केली त्येनं? इचार."

"बाबा, काही चूक नाही. तिकडे असंच असतं."

"तू सांगू नगंस. त्येला इचार."

हाच प्रश्न मी पुढचा सगळा हिवाळा विचारत राहिले. तो दर वेळी खांदे उडवायचा. त्याच्या बायकोने मला दुकानाच्या रांगेत गाठलं. "तुम्ही काय बोलता एवढं? मला तर तो हा विषय काढू देत नाही." मला तो विषय कधीच नको होता, हे तिला कसं सांगणार?

२०२१च्या वसंतात त्याला जर्मनीतल्या एका संघाचा फोन आला. तो भिंतीशी येऊन म्हणाला, "त्यांना विचार, जाऊ का?"

सासऱ्यांनी त्याला घरांसमोरच्या हिरवळीवर पळायला लावलं. वळ म्हणाले, थांब म्हणाले, परत पळ म्हणाले. मी थंडीत उभी राहून हे सगळं इंग्रजीत ओरडत होते. शेजारणी पडदे सारून बघत होत्या.

"न्हाई जमायचं. सांग त्येला."

मी सांगायला लागले, की अनुभव मोठा आहे, पण गुडघ्याचा विचार करता कदाचित…

"एवढं लांबडं काय बोलतीस? मी दोनच शब्द बोललो."

मग मी ते दोनच शब्द सांगितले. तो "ग्रँड," म्हणजे इकडच्या बोलीत 'ठीक आहे', म्हणाला आणि घरात गेला. नंतर कित्येक दिवस तो अंगणात आलाच नाही. सासरे जेवायचे, झोपायचे, आणि वर मलाच विचारायचे, "तू त्येला नक्की काय सांगितलंस?"

शेवटी त्याच्या बायकोनेच भिंतीवरून सांगितलं, की त्याने जर्मनीला नकार कळवला. ती खूश होती. तो रागावला होता, आणि राग सासऱ्यांवर नव्हता. त्यांना बघून तो हात उंचावायचा. मला बघून कचऱ्याचा डबा सरळ करायचा.

उन्हाळ्यात विमान मिळालं आणि सासरे गेले. जिमही उघडली. निघताना दोघं भिंतीशी बराच वेळ उभे होते. सासरे मराठीत बोलत होते, तो इंग्रजीत, आणि मला कोणीच बोलावलं नाही.