शामकांतकाकांनी दिलेली नावं

बिशान भागातल्या शामकांतकाकांबद्दल आमच्या इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळात वाकडा शब्द काढलेला कुणाला चालत नाही. मी काढणार आहे. ज्याला राग येईल त्याला येऊ दे.

काका एका शिपिंग कंपनीत अकाउंटंट होते. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून मंडळातल्या कुटुंबांची यादी अंगावर घेतली. यादी म्हणजे नुसती नावं आणि फोन नव्हेत. कुणाचं मूल कुठल्या शाळेत, वाढदिवस कधी, कशाची ॲलर्जी, कशात हुशार, सगळं. वाढदिवसाला सकाळी सात वाजता काकांचा फोन यायचाच. एरवी फाडफाड इंग्रजी बोलणारी आमची कार्टी त्यांच्याशी मात्र शहाण्यासारखी "नमस्कार काका" म्हणायची, आणि आम्हा आयांना त्याचं कोण कौतुक! यादीसाठी काकांचा फॉर्म आला की रकाना पुरायचा नाही एवढी तारीफ आम्ही लिहायचो. मीही लिहिली होती. आर्या पोहण्यात पहिली, पुलाउ उबीन बेटावरच्या सहलीत सायकलवर सगळ्यांना मागे टाकते, कणखर आहे, रडत नाही. अक्कल गहाण ठेवली होती माझी, दुसरं काय!

आर्या माझी धाकटी. मोठा नील दोन वर्षं सैन्यात राहून आला. इथल्या मुलग्यांना ते कायद्यानंच चुकत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नवरा मरीन इंजिनिअर, वर्षातले सात महिने बोटीवर. माणसांची वाट बघण्यात माझा अर्धा जन्म गेलाय. आर्या मुलगी, तिला सक्ती नाही. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. ती तरी घरी राहील, एवढंच मी देवाकडे मागत होते.

मार्चमध्ये तिला फोन आला. सैन्यभरतीचा माणूस, अगदी गोडबोल्या. तिचं ज्युनिअर कॉलेज त्याला ठाऊक, पोहणं ठाऊक, उबीनची सायकलसुद्धा ठाऊक! मी शेजारी भाजी निवडत ऐकत होते. फॉर्ममध्ये मी लिहिलेलं कौतुक तो तिला इंग्रजीत ऐकवत होता. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

फोन पुढेही येत राहिले. मी आदळआपट केली, समजावलं, शेवटी रडलेसुद्धा. आर्या म्हणाली, "चिल ला, आई. त्यांना निदान माझ्याबद्दल सगळं माहितेय. तू आणि बाबा कधी विचारता का मला काही?" आणि एका मंगळवारी ती कित्येक वर्षांच्या करारावर सही करून आली. अठरा पूर्ण झालेली. माझी सही कुणी मागितलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तडक बिशान गाठलं. काकांनी दार उघडलं. "ये, ये अनुजा! चहा टाकू?"

"काका, आमच्या मुलांची माहिती तुम्ही भरतीवाल्यांना दिलीत?"

"दिली की!" काका खुशीत म्हणाले. "मंडळाच्या कार्यक्रमात भेटला तो. चांगल्या घरातली मुलं सुचवा म्हणाला. अगं, या देशानं आपल्याला एवढं दिलं. आपण काही द्यायला नको?"

"अहो, पण आम्हाला विचारायचं तरी!"

"तुम्हाला काय विचारायचं? मी काय परका आहे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण काकांना त्याचा पत्ताच नव्हता. उलट लॅपटॉप आणून त्यांनी मला अभिमानानं दाखवलं काय पाठवलंय ते. चौदा नावं. आर्यन, अनीश, अश्विन, आमची आर्या, प्रत्येकाच्या पुढे जन्मतारीख, कॉलेज, फोन, आणि आम्ही आयांनी लिहिलेलं कौतुक, शब्दन् शब्द. मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली. काकांची नात मधुवंती आर्याच्याच वर्गात आहे, पोहायच्या टीममध्येही दोघी बरोबर असतात. तिचं नाव मला कुठे सापडेना.

"काका, यात मधुवंती कुठंय?"

काकांनी लॅपटॉप मिटला.

"ती लहान आहे गं अजून," ते म्हणाले.

मधुवंती आर्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठी आहे.