नलिनीताई आणि अर्ध्यावर तुटलेल्या फायली

सनदी सेवेच्या परीक्षेत माझा शेवटचा प्रयत्न फसला, त्याच आठवड्यातल्या रविवारी मी नलिनीताई सबनीसांना पहिल्यांदा भेटलो. आर. के. पुरममधल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये निकालानंतरच्या पहिल्या रविवारी पंगत बसे. पास झालेल्यांचे सत्कार दिल्लीतली मराठी मंडळी करतच असत. ताई जेवायला बोलवत ते नापास झालेल्यांना. सेलूहून आलेला मी मित्राच्या पाठीआड तोंड लपवत जिना चढलो. ताईंनी दार उघडलं, एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "नाव नंतर सांग. आधी हात धू, पान वाढलंय."

ताकाच्या वाटीपर्यंत निकालाचा विषय कुणी काढला नाही. एव्हाना मित्राने माझं नाव-शिक्षण सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं, "इरफान, फिजिक्स झालंय ना तुझं? उद्यापासून गुडगावला ये. मोजायचं काम आहे." काय मोजायचं, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

ताई मूळच्या सरकारी टेलिफोन खात्यातल्या इंजिनिअर. मोबाईलचं युग आलं तसं त्यांनी खातं सोडलं आणि गुडगावात नेटवर्क तपासणारी छोटी कंपनी काढली. यजमान नोकरीत होते म्हणून क्वार्टर टिकलं. 'पक्की नोकरी सोडून बाई शेतात चालल्या,' असं सहकारी म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं. आमच्या काचेच्या इमारतीमागे तेव्हा मोहरी डोलत होती.

त्या काळात जीएसएम आणि सीडीएमए या मोबाईलच्या दोन तंत्रज्ञानांत हातघाईची लढाई चालली होती. जो तो 'आमचंच इंटरनेट वेगवान' म्हणून छातीठोक सांगे. ताई म्हणायच्या, "जाहिरात धावतेच. फाईल धावते का, ते बघू." आमची पद्धत साधी होती. एका गाडीत दोन लॅपटॉप, दोन्हींना वेगवेगळ्या तंत्रज्ञानाचं डेटा कार्ड, आणि एकाच क्षणी दोन्हीवर तीच फाईल उतरवायला लावायची. झज्जरचे सतपालजी गाडी चालवत. धौला कुआंपासून मानेसरपर्यंत आमच्या फेऱ्या चालत. ताईंचा चहा पांचट असतो, हे त्यांच्या या गौरवग्रंथातही लपवणार नाही, पण मोजण्यात त्यांनी कधी पाणी घातलं नाही.

माझी परीक्षा झाली ती एका इस्पितळाच्या कामात. नव्या वस्त्यांमधून रुग्ण आणताना रुग्णवाहिकेतूनच त्याचा ईसीजी डॉक्टरांकडे पाठवायचा, आणि त्यासाठी कोणतं तंत्रज्ञान घ्यावं, असा त्यांचा प्रश्न होता. दोन आठवडे फिरून मी रिपोर्ट केला. एक तंत्रज्ञान स्पष्टपणे पुढे होतं. ताई बाहेरगावी होत्या. त्यांनी फोनवर आकडे ऐकले, होकार दिला आणि रिपोर्ट गेला.

परतल्यावर त्यांनी मूळ नोंदी मागवल्या. आकड्यांकडे फारसं पाहिलं नाही. सतपालजींना आत बोलावून विचारलं, "गाड़ी कहाँ-कहाँ रुकी?"

सतपालजी भाबडेपणाने म्हणाले, "मैडम, फ्लाईओवर के पास तो हर बार रुके जी. इरफान भाई कहते थे, ये वाली टूट गई, इसे छोड़ो, दोबारा लगाते हैं."

आपलं काय चुकलं ते मला तरीही कळेना. मी म्हणालो, "ताई, फाईल अर्धीच आली तर तिची गती कशी काढणार? म्हणून त्या नोंदी गाळल्या." मी रिपोर्टात पुढे दाखवलेलं तंत्रज्ञान चाललं की वाऱ्यासारखं चाले, आणि मधेच तुटे. तुटलेल्या फायली मी गाळल्या आणि उरलेल्यांची सरासरी काढली. दुसरं बिचारं सावकाश, पण फाईल पोचवत होतं.

ताई आवाज न चढवता म्हणाल्या, "जी पोचलीच नाही, ती सगळ्यात हळू. तिलाच काढून टाकलंस, तर बाकीच्या पहिल्या येणारच ना? अरे, गाडीत माणूस असणार आहे." मग त्या म्हणाल्या, "निकालाच्या यादीत तुझं नाव नव्हतं, म्हणून काय तू अभ्यासच केला नव्हतास?" त्या दिवशी मी रडलो. निकालाच्या दिवशीही रडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन इस्पितळात गेल्या. खरेदीची ऑर्डर सहीला ठेवलेली होती. समोरचे साहेब तडकले, "गलती किसकी है?" नोकरी गेली असं धरूनच मी बसलो होतो. ताई म्हणाल्या, "रिपोर्ट पर नाम मेरा है, तो गलती भी मेरी है. ऑर्डर रोकिए, हम दोबारा नापेंगे."

भर उन्हाळ्यात सगळं पुन्हा मोजलं. ताई स्वतः मागच्या सीटवर दशम्यांचा डबा घेऊन बसत आणि तुटलेली प्रत्येक फाईल आपल्या हाताने टिपत. शुक्रवारची दुपारची फेरी त्या काही न बोलता उशिरा ठेवत, म्हणजे माझी नमाज चुकू नये. इस्पितळाने शेवटी सावकाश चालणारं तंत्रज्ञान घेतलं. पुढचं काम मात्र त्यांनी दुसऱ्या कंपनीला दिलं. ताईंनी तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही, आणि दुसऱ्या रिपोर्टवर माझं नाव आपल्या नावाच्या वर घातलं. तेव्हाही मला लाज वाटली होती, आज लिहितानाही वाटते.

पुढे ते दोन्ही वेग इतिहासजमा झाले. ताई क्वार्टर सोडून दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये गेल्या, पंगत तिथेही बसते. या ग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे त्या पंगतीतून पुढे अधिकारी झालेल्यांची यादी मागितली होती. मी ती ताईंना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून ती वाचली आणि परत दिली. "जेवून गेलेल्या सगळ्यांची नावं घाल. नाहीतर एकाचंही नको." शेवटच्या पानांवर हुद्द्यांशिवाय नावांची जी लांबलचक यादी आहे, ती त्यामुळे. त्यात सतपालजींचंही नाव आहे.

ताई आज पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांचे गुडघे कुरकुरतात, पण दार उघडायला त्या दुसऱ्या कुणाला उठू देत नाहीत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांच्या शंभरीलाही कुणी हरलेलं पोर जिना चढून येईलच. दार ताईंनीच उघडावं, आणि त्याने नाव सांगायच्या आत म्हणावं, "आधी हात धू, पान वाढलंय."