लिंबू न फोडणारी गाडी

माझे गुडघे माझ्याआधी निवृत्त झाले. मी जिना चढायला लागलो की असा आवाज येतो की कुंभकोणमच्या बसस्टँडवर ड्रायव्हर खाली उतरून आपापला गिअरबॉक्स तपासतात. हे मी थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. तर अशा गुडघ्यांचा माणूस साक्कोट्टैच्या पलीकडे केळीचं रान बाळगून होता, आणि रान नि रस्ता यांच्यामध्ये एक पाट होता. पाटाकाठचा बांध कधीकाळी बैलगाडीपुरता रुंद होता. पाण्याने खाऊन खाऊन त्याची अशी दशा झाली की ट्रॅक्टरने नुसतं त्याच्याकडे बघितलं तरी तो ढासळायचा. घड बाहेर काढायचे ते माणसांच्या डोक्यावरून. माणसं एकेक करून तिरुप्पूरच्या कारखान्यांत गेली. उरलं माझं डोकं, ज्याचा घरात दुसरा काही उपयोग नव्हताच.

रान निम्मं माझं, निम्मं अक्काचं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते. पोंगलच्या आधी तिने मला घड खांद्यावर घेऊन बांधावर बसलेलं पाहिलं. मला उठता येत नव्हतं, म्हणून मी बगळे बघतोय असं दाखवत होतो.  घरी येऊन कॉफी पिऊन झाल्यावर अक्का म्हणाली, रान मक्त्याने देऊन टाकू. मक्तेदार तर वाटच बघत होता. त्याची एकच अट होती, फाटकाला कुलूप त्याचं. म्हणजे श्राद्धाला, सणाला आपल्याच रानातलं पान त्याच्याकडून मागून आणायचं आणि त्यावर मुकाट्याने जेवायचं. मी नाही म्हणालो. तेव्हा अक्काने सांगितलं की या पिकाचे घड तुझ्या मानेशिवाय रस्त्यावर आणून दाखव, नाहीतर मी सही करते.

उपाय शोधला बायकोने, फोनवर. चार फुगीर चाकं, वर मोटारसायकलचं हँडल, पुढेमागे लोखंडी जाळी. बेडकाने म्हशीशी लग्न केलं तर जे होईल ते. ही गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. टेम्पोत घालून रानात न्यायची आणि तिथेच गोठ्यात ठेवायची. मला वाटलं, बरं झालं, बायको माझ्या गुडघ्यांची काळजी करते. तर ती म्हणाली, "कामाला घ्या, पण मलाही चालवायची आहे हो. आयुष्यभर तुमच्या स्कूटरच्या मागे बसले. आता पुरे." तिच्या भावाचं नारळाचं रान तिरुप्पनंदाळच्या बाजूला, कोळ्ळिडम नदीच्या काठाला आहे. नुसती वाळूची वाट, लांबच लांब. तिथे तिला वाऱ्यासारखं जायचं होतं. साठीला आलेली बाई, आणि वाऱ्यासारखं.

मग सुरू झालं निवडणं. देवा, ते निवडणं. लग्नासाठी मुली बघताना मी एवढा दमलो नव्हतो. इंजिन किती ताकदीचं, चारही चाकं ओढतात की मागचीच दोन, मागे छोटी ट्रॉली जोडता येते का, मागचा दांडा अखंड की प्रत्येक चाक आपापलं हलतं. व्हिडिओ बघावेत तर सगळीकडे बर्फ. एक दाढीवाला गोरा माणूस बर्फातून मेलेलं हरीण ओढून आणतोय, आणि मी इथे पंख्याखाली घाम पुसत विचार करतोय की हरणाच्या जागी पूवन केळीचे किती घड बसतील. पुण्याच्या एका विक्रेत्याला फोन लावला. मराठी माणूस आहे, आपुलकीने सांगेल म्हटलं. मी आमच्या घरच्या, तीनशे वर्षांपूर्वी पूर्वजांनी इकडे आणलेल्या मराठीत बोलायला लागलो. तो जरा वेळ ऐकून घेऊन आदराने म्हणाला, ऐतिहासिक नाटकाच्या तिकिटांसाठी दुसरा नंबर आहे.

शेवटी तिरुच्चीचा एक विक्रेता दोन गाड्या टेम्पोत घालून थेट आमच्या रानात यायला कबूल झाला. एक लाल, उंच, अंगाने सडपातळ. ती वाळूत उडायची आणि तिला जाळीबिळी काही नव्हती, हवी तर नंतर लावून देतो म्हणाला. दुसरी राखाडी, ठेंगणी, जाळ्या आणि ट्रॉलीचा आकडा अंगावरच असलेली. लालवर बायकोची नजर, राखाडीवर माझी. अक्काची कोणावरच नाही. तिने पदराखालून लिंबं काढली आणि दोन्ही गाड्यांच्या चाकांखाली ठेवायला लागली.

लिंबं गाडी विकत घेतल्यावर ठेवतात, देवळासमोर, आणि ती चाकाखाली फुटली की दृष्ट निघाली. हे विक्रेत्यालाही ठाऊक होतं, पण लिंबं दिसली म्हणजे सौदा झाला असं समजून तो हसतमुखाने बाजूला झाला. अक्काचं गणित वेगळं होतं. ती म्हणाली, गाडी घेऊन मग दृष्ट काढण्यापेक्षा दृष्ट निघते का ते बघून गाडी घेऊ.

लाल गाडीने लिंबं पट्‌पट् फोडली. अक्काची मान हलली. मग लाल गाडी बांधावर चढली आणि तिच्या टणक चाकांनी बांधाचा काठ पुरणपोळीसारखा मोडून पाटात टाकला. विक्रेता वेळेवर उतरला म्हणून वाचला. आम्ही सगळ्यांनी मिळून ती मागे ओढली. त्या ओढण्यात माझी कंबर गुडघ्यांना जाऊन मिळाली.

राखाडी गाडी लिंबांवरून गेली. लिंबं तशीच. चाक त्यांच्यावरून गेलं खरं, पण उशीवर डोकं टेकावं तसं. एक लिंबू तर घरंगळत अक्काच्या पायाशी आलं, पिवळंधमक. अक्काने ते उचललं, उलटसुलट पाहिलं आणि ओटीत टाकलं. मला कळलं, आता सही होणार.

विक्रेत्यालाही काहीतरी कळलं. सौदा हातचा जातोय हे बघून तो म्हणाला, "अम्मा, हवा कमी आहे एवढंच. भरतो." आणि आम्ही दोघा शहाण्यांनी त्याला अडवलं नाही. मला अक्काचं मन हवं होतं, बायकोला गाडी. त्याने पंप लावला, चाकं दगडासारखी केली, लिंबं पुन्हा मांडली, आणि या खेपेला ती मस्त फुटली. अक्का निवळली. आम्ही मागच्या जाळीवर घड बांधले, विक्रेता बसला, बांधावर चढला, आणि फुगवलेली चाकं ओल्या मातीवर साबणासारखी सरकली. गाडी पाटात गेली नाही, तिरकी होऊन बांधाला टेकली. घड मात्र गेले. पाण्यावरून ते इतक्या डौलाने निघाले की मला वाटलं बंगालच्या उपसागरापर्यंत त्यांचं आरक्षण आहे.

मी खाली बसलो. या वेळी बगळ्यांचं सोंगही घेतलं नाही. हात वर केले आणि अक्काला म्हणालो, "दे बाई मक्त्याने. मी दमलो."

खरंच दमलो होतो. गाड्यांना, व्हिडिओंना, केळींना, माझ्याच हट्टाला. कुलूप लागू दे, पान विकत आणू, स्टीलच्या ताटात जेवू.

 अक्का बांधाकडे गेली आणि वाकून माती बघू लागली. तिचेही गुडघे माझ्याच घराण्यातले, तेव्हा ते वाकणं काही लवकर झालं नाही. तिने विक्रेत्याला विचारलं, पहिल्यांदा चाकं जशी आली होती तशी करता येतील का. त्याने हवा सोडली. चाकं पुन्हा मऊ झाली, जेवून लवंडलेल्या माणसाच्या पोटासारखी. मोकळी गाडी बांधावरून एकदा गेली, परत आली. काठ जागच्या जागी. मग उरलेले घड बांधून गेली. रस्त्यावर घड उतरल्याचा आवाज आला तेव्हा मी मान वर केली.

आता प्रश्न लिंबांचा, कारण मऊ चाकांखाली ती फुटायची नाहीत. अक्काने ओटीतली उरलेली लिंबं काढून एका ओळीत जमिनीवर मांडली, पायातली चप्पल नीट केली आणि बायकोचा खांदा धरला.

"गाडीकडून होत नाहीं तर मी करतें," ती म्हणाली, आणि एकेक लिंबू टाचेखाली फोडत गेली. शेवटचं फुटल्यावर धापा टाकत म्हणाली, "झालं. घे तुझी ही म्हैस. मक्तेदाराला येऊं नको म्हणून सांग."

लाल गाडी टेम्पोत परत चढली. बायको तिच्याकडे बघत होती, पण फार वेळ नाही. कामाची गाडी वाळूतही नेता येते, एवढं तिला कळलं होतं, आणि उडण्यापेक्षा न उलटणं या वयात बरं, असंही ती पुटपुटली. मग ती राखाडी गाडीवर बसली, कशी सुरू करायची ते विचारलं आणि माझ्या देखत रस्त्याच्या दिशेने निघाली, पदर खोचून, सावकाश, पण चेहरा असा की कोळ्ळिडमला पूर आलाय.

मी ओरडून सांगितलं, मला मागच्या जाळीवर घे. विक्रेत्याने समजावून सांगितलं की सार, ही एकट्याची गाडी आहे, जाळीवर माणूस बसवायचा नाही, फक्त घड.

तेव्हा ज्या गुडघ्यांसाठी हे सगळं केलं ते गुडघे घेऊन मी बांधावरून चालत निघालो. अक्का पुढे, मी मागे. जेवणासाठी केळीचं एक पान तेवढं कापून घेतलं. कोणाला विचारलं नाही.