बोटीला बसलेलं झाकण

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. आधी गॅस बंद केला... मग रडले. तेराव्याला गावची मंडळी म्हणाली, "बिचारी, एकटीच राहिली मुंबईत." तेव्हा पानं वाढत राहिले, आता बोलते. माझी धाकटी जाऊ बिचारी नव्हती हो!

संपात तिची नि भावजींची, दोघांचीही गिरणीतली नोकरी गेली. भावजी कंटाळून गावी निघाले. "चल, चूल तिथेही पेटेल." ही म्हणाली, "मग तुम्ही पेटवा." रे रोडच्या एका शेडमध्ये फायबरचं काम शिकली आणि काळाचौकीच्या खोलीतच करायला लागली. मी तेव्हा शेजारच्याच चाळीत, मीही गिरणीतलीच. पहिलं गिऱ्हाईक एक नाखवा. त्याच्या बोटीतल्या बर्फाच्या खणाचं फायबरचं झाकण पिळवटलं होतं. फट राहिली की बर्फाचं पाणी, मासळी वाया. भावजी तेव्हा गावाहून आलेले. म्हणाले, "हे जमलं नाही तर मुकाट गावी यायचं." शालन म्हणाली, "बरं."

उकळतं पाणी ओतून तिने झाकण मऊ केलं, पाट्याखाली दाबून निवू दिलं, आतून काचेचं कापड नि रेझिनचे, म्हणजे वाळून दगड होणाऱ्या चिकट रसायनाचे, थर चढवले. सुतासारखं सरळ! टॅक्सीच्या टपावर घालून आम्ही तिघं भाऊच्या धक्क्यावर गेलो... तर बसेचना. एक कोपरा वरच. नाखवा हसायला लागला, "बाय, ही बोट हाय, कपाट नाय!" लाटा खाऊन खाऊन बोटच तिरकी झालेली. आम्ही गिरणीतली माणसं, सरळ तेच बरोबर धरून बसलो होतो. भावजी म्हणाले, "चला, बॅग भरा."

"वयनी, चायवाल्याकडसून कढत पाणी घेवन ये गे!" शालन ओरडली. तिथेच झाकण पुन्हा मऊ केलं आणि बोटीवरच दोरखंडाने आवळलं, बोट जशी तिरकी तसंच. निवेपर्यंत स्वतः त्यावर मांडी घालून बसली. भावजींना म्हणाली, "तुम्ही निघा, येष्टी चुकेल." नाखव्याने फटीत सुरी घालून बघितली. शिरली नाही. मग धक्क्यावरचं काम कधी तुटलं नाही. गावी जायची ती मे महिन्यात, पाहुणी म्हणून.

परवा तिची खोली झाडत होते. लादीवर रेझिनचे थेंब कधीचे घट्ट बसलेत. मुलगा म्हणाला, "आई, तासून काढतो." म्हटलं, काढून बघ. त्याने पटाशी लावली, हातोडी मारली. लादीचा टवका उडाला... थेंब तिथेच.