लाल टेकडीच्या कडेला

वाळवंटी बेटावरची अर्ध्या दिवसाची सहल होती. मिठाची गुहा झाली, वाऱ्याने कोरलेले खडक झाले आणि शेवटी गाइडने आम्हाला लाल टेकडीपाशी आणलं. माती अगदी गेरूसारखी. बाकीचे भराभर चढले. मी मात्र कडेलाच थबकलो.

दिवाळीत आई रांगोळीसाठी अंगणात गेरू सारवायची. "ओला आहे रे, पाय ठेवशील!" असं ओरडायची. मी उंबऱ्यावर ताटकळायचो. मग ती बोट लावून बघायची आणि मगच मला सोडायची. आता त्या अंगणात फरशी आहे आणि ओरडणारं कुणी नाही.

"या साहेब, इथे कित्येक वर्षांत पाऊस नाही," गाइड मोडक्या हिंदीत म्हणाला.

तरीही मी वाकलो आणि आधी बोट लावून बघितलं.