टाऊन हॉलचं तोंड समुद्राकडे

आमच्या बंदरातल्या टाऊन हॉलला कुणी सुंदर म्हटलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तीन उंच कमानी, वर रंगीत काचा, पुढे सपाट गच्चीचा पोर्च आणि सगळ्याचं तोंड पश्चिमेला, थेट समुद्राकडे! आमच्या किनाऱ्यावर शेंबडं पोरही घराचं दार तिकडे काढणार नाही. पावसाळाभर तिकडून वारा पाणी आडवं मारतो. म्हणून जुनी घरं समुद्राकडे पाठ करून बसलेली. मृगाच्या आधी त्या बाजूला नारळीची विणलेली झापंही बांधतात.

पण जर्मन लढाईनंतरचे ते दिवस, आणि नगरपालिकेचे अध्यक्ष पडले वकील. मुंबईच्या आगबोटीतून इमारत दिसलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. नकाशा मुंबईच्या इंजिनिअरचा. मुख्य गवंडी माझे वडील. मी नगरपालिकेत कारकून, सभेचे ठराव लिहिणारा.

पाया खणण्याआधी बाबा मुंडासं काढून सभेपुढे उभे राहिले. "रावसाहेब, तोंड उगवतीला फिरवा. न्हायतर पावसात झापं तरी बांधू द्या."

"हा टाऊन हॉल आहे, गोठा नाही," अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

पहिल्याच आषाढात पाणी कमानींतून आत घुसलं आणि पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा पत्रावळीसारखा सुटून पडला. सभा बसली. नकाशाचं नाव कुणी काढलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "चुनाच कच्चा होता."

तो चुना मला ठाऊक होता. शिंपल्या भट्टीत भाजल्यापासून बैलाच्या घाण्यात मळून होईपर्यंत बाबा त्याच्यापासून हलले नव्हते. तोच चुना पूर्वेच्या भिंतीला दगडासारखा बसला होता, दहा पावलांवर. उठून बघायला एकाही शहाण्याचे पाय हलले नाहीत. आणि मी? 'गवंड्याने हलका चुना वापरल्याने भिंत खराब झाली,' असं वळणदार अक्षरात लिहून मोकळा झालो. नोकरी जाईल या भीतीने. त्या शहाण्यांचा राग येतोच, पण स्वतःचा जास्त येतो.

पुढच्या वर्षी मृगाआधी टाऊन हॉलला मुकाट्याने झापं बांधली. तो ठरावही मीच लिहिला. जुना रद्द करा, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. तोवर गावात बाबांना भिंतीचं काम सांगणं लोकांनी सोडलं होतं.

एका सकाळी बाबा कचेरीत आले, मला हाताला धरून पूर्वेच्या भिंतीपाशी घेऊन गेले आणि गिलाव्यावर अंगठ्याचं नख जोरात दाबलं.

"बग. रुततंय का?"

"नाही."

"मंग कागदात तसं कोनी लिवलं?"

बाबांना वाचता येत नव्हतं.

"अध्यक्षांनी," मी म्हणालो.

ते मान हलवून घरी गेले. बाबा वारल्यावर आईने मला सांगितलं, त्या दिवशी घरी येऊन ते तिला म्हणाले होते, "आपला पोरगा तितं हाय. तो नक्की भांडला असंल माज्यासाटी. पन त्याचं कोन ऐकतंय?"